डेट्रॉइटच्या काकांना, जाहीर आभार

काका, सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही 'अगं, त्यात काय' म्हणत विषय थेट हवामानावर नेता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

फिलिप लेव्हिन या अमेरिकन कवीवर दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा ठरवलं तेव्हापासून मी मदत मागत फिरत होते. ज्यांच्याकडून ती हक्कानं मिळायला हवी होती त्यांनीच हात झटकले. इंग्रजीच्या एका नामवंत प्राध्यापकांनी 'कामगारांची कविता म्हणजे शेवटी घोषणाच' असं सुनावून फोन ठेवला. लेव्हिन त्यांनी वाचलेला नव्हता, हे बोलण्यावरून कळत होतंच. आणि इथली आपली मंडळी! वर्षानुवर्षं नोव्ही-ट्रॉयसारख्या डेट्रॉइटच्या उपनगरांत राहून, गाड्यांच्याच धंद्यावर घरं बांधून, डेट्रॉइटचे जुने कारखाने म्हटलं की 'तिकडे कशाला जायचंय? त्यापेक्षा गणपतीला ये.' (गेले. मोदक उत्तम होते.)

तुम्ही तेवढे म्हणालात, "कविता मला कळत नाही, पण जन्म प्रेसशॉपमध्ये, पत्रे ठोकून आकार देणाऱ्या यंत्रांपाशी गेलाय. घेऊन ये."

माझं घोडं अडलं होतं ते त्याच्या पहिल्या, १९६३च्या संग्रहाच्या काळातल्या एका कवितेपाशी. डेट्रॉइटमधला एक बंद कारखाना. साखळीनं बांधलेलं फाटक, काटेरी तार, बर्फ. फुटक्या खिडक्यांतून दिसणारे अवाढव्य प्रेस, दोन ठोक्यांच्या मध्ये हवेतच थांबलेले. वृत्त घट्ट, यमकं जागच्या जागी, आणि माणसं आहेत ती फक्त भूतकाळात. मला कोडं पडायचं. १९२८ साली याच शहरात जन्मलेला, चौदाव्या वर्षापासून कारखान्यांत राबलेला, शेव्हरलेच्या 'गिअर अँड ॲक्सल' कारखान्यात घाम गाळलेला हा माणूस फाटकाबाहेर उभा राहून इतक्या सभ्य सुरात का बोलतोय?

तुम्ही ती हवेत थांबलेल्या प्रेसची ओळ पुन्हा वाचायला लावलीत. चष्मा काढलात. डावा तळहात टेबलावर उताणा ठेवलात, उजवा पालथा वरून खाली आणलात आणि वीतभर अंतरावर थांबवलात. "असा?" हात तसाच धरून ठेवलात. काकू चहा घेऊन आल्या, कप ठेवायला जागा शोधू लागल्या, तरी हात हलेना.

"रॅम, म्हणजे प्रेसचा वरून खाली येणारा जड भाग, असा अधांतरी सोडून कुणी घरी जात नाही. खाली टेकवतात, नाहीतर ठोकळे लावतात. असा लटकत राहिला म्हणजे उद्या यायचं नाही, हे पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं."

काका, त्या क्षणापासून मला ती कविता सभ्य वाटलेली नाही. पुढचं सगळं तुमच्या त्या दोन तळहातांमधल्या अंतरातून सुचलं. १९५०मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात गेलेली शहराची वस्ती नंतर घटतच गेली. १९५४मध्ये हडसन ही मोटार कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, १९५६मध्ये पॅकार्ड या दुसऱ्या मोटार कंपनीचा डेट्रॉइटमधला कारखाना थांबला. लेव्हिन तोवर आयोवाच्या विद्यापीठात कविता शिकायला गेला होता. वृत्ताची शिस्त त्यानं वर्गात घोटून घेतली, पण त्या शिस्तीत भरायला त्याच्याकडे होतं ते हेच शहर, आणि ते शिस्तीत मावेना.

मावलं नाही ते १९७२च्या 'दे फीड दे लायन' या कवितेत फुटून बाहेर आलं. त्यामागे १९६७ची डेट्रॉइटची दंगल होती, आणि त्याहून जुनी एक हकिकत, जी त्यानं स्वतःच सांगून ठेवली आहे. युनिव्हर्सल जॉइंट (गाडीच्या दांड्यांना जोडणारे सांधे) निवडून गोणपाटात भरायचं काम. बरोबर युजीन नावाचा काळा सहकारी. एका पोत्यावर शहराच्या प्राणिसंग्रहालयाचं नाव छापलेलं पाहून युजीन हसत काहीतरी बोलला आणि ते बोलणं कवीच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिलं. या कवितेत फाटकबिटक काही नाही. गोणपाट, बेअरिंगचं ग्रीस, डांबर, पेट्रोल, सगळं अंगावर येतं. ग्रीसचं नाव ऐकताच तुम्ही स्वतःची नखं बघितलीत, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

काका, ज्यांना काम येतं ती माणसं 'तुला यातून काय मिळणार' असं विचारत नाहीत, हे मी लहानपणी भोसरीत पाहिलं होतं. वडिलांकडे शेजारचा कुणी बिघडलेला मिक्सर घेऊन आला की ते जेवण अर्धवट टाकून उठायचे. इथे बर्फाच्या देशातही तसं माणूस भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं. हुद्दे आणि पदव्या मिरवणाऱ्यांना जे जमलं नाही ते तुम्ही सहज केलंत, आणि वर काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

लेखात तुमचं नाव नको म्हणालात, म्हणून घातलेलं नाही. अंक आला की पहिली प्रत तुम्हाला. प्रेसबद्दल काही उलटसुलट छापलं गेलं असेल तर पेन्सिलनं खुणा करून ठेवा, मी येऊन बघते.

तुमची,
भोसरीची पोरगी