थंडीतली परसबाग आणि उन्हाळी बियांची घाई

महोदय,

वेळअमावास्या, म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, झाली की आपल्याकडे अनेक घरांत उन्हाळी भाज्यांची घाई सुरू होते आणि भेंडी-गवारीचे बी लगेच टोकले जाते. पण थंड मातीत भेंडीचे बी नीट उगवत नसल्याने ते बहुधा तिथेच कुजते, आणि दोष मात्र बियाण्याच्या दुकानदाराला मिळतो. मीही दोन वर्षे तोच दिला. आता दोडका, कारले व काकडीचे बी जानेवारीच्या मध्यास शेणखत, माती व वाळू भरलेल्या पिशव्यांत लावतो, त्या रात्री घरात व दिवसा उन्हात ठेवतो, आणि दोन-तीन पाने फुटल्यावर मुळांभोवतीची माती न फुटू देता रोप वाफ्यात हलवतो. भेंडी-गवार मात्र फेब्रुवारीत थेट पेरलेलीच बरी. तोवर त्या वाफ्यात मेथी-कोथिंबिरीचे एक पीक निघते. आमच्या काळ्या मातीला भेगा पडण्याआधीच तुरीच्या भुसकटाचे आच्छादन घालावे, कारण एप्रिलमध्ये सांडपाण्यावर बाग जगवताना त्याचाच आधार असतो. आपल्या शेतीविषयक पानावर परसबागेलाही थोडी जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, परभणी