चिरंजीव सौमित्रला, पोकरच्या टेबलावरच्या वागण्याबद्दल

चि. सौमित्र,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर एकच रडगाणं लावलं होतंस. तुझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोरच्या नवख्याकडे अठ्ठ्यांची, फ्लॉपच्या, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पत्त्यांच्या, आधीच दोघांच्या सगळ्या चिप्स मध्ये (ऑल-इन), आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या सामाईक पत्त्याला, त्याला तिसरी अठ्ठी लागली. डाव गेला त्याचं मला काही नाही. एक्के लहान जोडीपुढे पाचांतून साधारण चारदा जिंकतात, म्हणजे एकदा मार खातात, हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. खटकलं ते पुढचं. "असे पत्ते घेऊन कोणी ऑल-इनला कॉल करतं का?" असं चारचौघांत विचारलंस आणि वर टक्केवारीही शिकवलीस म्हणे!

तो पहिल्यांदाच खेळायला आला होता. त्याच्या आनंदावर विरजण टाकून तुला मिळालं काय? "छान, लागली तुला," म्हणून टेबलावर दोनदा टकटक करायचं आणि पुढचे पत्ते उचलायचे. अरे, नवखा जिंकू शकतो म्हणूनच हा खेळ चालतो. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला, ८३९ खेळाडूंत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर पोकरकडे लोकांची रीघ लागली.

सराईत मंडळी म्हणतात, नवख्याला दुखवू नका, तो उठला की त्याचे पैसेही उठतात. हिशेब चोख आहे, पण मला तो आवडत नाही. गोड बोलून खिसा कापण्यातलाच प्रकार. तोही तुझ्यासारखा मजा करायला आलाय, एवढं कारण पुरे.

आणि ते हेडफोन काढ बरं कानातले. समोरासमोर खेळताना तासाला जेमतेम तीसेक डाव होतात, आणि नीट खेळणारा त्यातले बरेचसे सुरुवातीलाच टाकून देतो. उरलेल्या वेळात माणसं बोलणार नाहीत तर काय करणार? नऊ जणांनी मख्ख चेहऱ्याने बसायचं असेल तर घरी कॉम्प्युटरवर खेळलेलं काय वाईट?

मात्र चालू डावाबद्दल तोंड बंद. समज, तू गुलाम टाकून दिलास आणि फ्लॉपवर दोन गुलाम आले. तू "अरेरे!" म्हणून कपाळावर हात मारलास की गुलाम कुठे गेला ते सगळ्यांना कळलं. गुलाम असल्याचा ब्लफ करणाऱ्याचं नुकसान, भिणाऱ्याचा फायदा, आणि तू तर डावातही नाहीस.

सगळ्यात वाईट म्हणजे स्लो रोल. समोरच्याने आशेने पत्ते उघडलेत, तुझे पत्ते त्याच्यापेक्षा भारी आहेत हे तुला पक्कं माहीत आहे, आणि तरी तू सुस्कारे टाकत, कपाळाला आठ्या घालत, एकेक पत्ता सावकाश उघडतोस. बहुतेक ठिकाणी याला शिक्षा नाही, पण टेबल विसरत नाही. जिंकलास तर झटकन दाखव आणि पॉट, म्हणजे मधल्या चिप्स, ओढून घे.

डीलरवर पत्ते भिरकावणं तर मुळीच नको. तो वाटतो, ठरवत नाही. फिल हेल्म्युथ या नामांकित खेळाडूची आदळआपट बघायला मलाही गंमत वाटते, पण त्याच्याकडे वर्ल्ड सिरीजची, विजेत्याला मिळतात ती, डझनाहून जास्त ब्रेसलेट्स आहेत. तुझं आधी एक तरी येऊ दे, मग बघू.

तुझी,
आई

ता. क. टेबल फारच मरगळलं तर सत्ती-दुर्रीचा खेळ सुचव. होल्डेममधल्या, म्हणजे तुम्ही खेळता त्या पोकरमधल्या, या सर्वांत टाकाऊ पत्त्यांवर जो डाव जिंकेल, त्याला प्रत्येकाने ठरलेल्या चिप्स द्यायच्या. दहा मिनिटांत सगळे एकमेकांवर संशय घेत हसायला लागतात. पण आधी सगळ्यांना विचार. एकानेही नको म्हटलं तर विषय सोडून दे.