दोन इंच बर्फाची थट्टा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत टेक्सासच्या थंडीवर आलेला लेख वाचला. दुकानांतले पाव-दुधाचे रिकामे कप्पे, जनरेटरसाठी लागलेल्या रांगा आणि दोन इंच बर्फाच्या नुसत्या अंदाजाने बंद झालेल्या शाळा यांचे वर्णन आपल्या लेखकांनी मोठे खुसखुशीत केले आहे आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांची सकाळ त्यामुळे मजेत गेली असणार, याविषयी मला शंका नाही. शैली त्यांना निश्चितच आहे. ह्यूस्टनमध्ये एखादा फेब्रुवारी काढून मग त्यांनी लेखणी उचलली असती, तर तिचे आणखी चीज झाले असते, इतकेच.

मिनेसोटात याच्या दसपट बर्फ पडतो आणि तिथली मुले शाळेत जातात, मग टेक्सासच्या लोकांनाच एवढे घाबरायला काय झाले, असा त्यांचा एकूण सूर आहे. मिनेसोटाचे घर थंडीसाठी बांधलेले असते, आमचे उकाड्यासाठी. इथे तळघर नसते. घर जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर उभे असते, पाण्याचे पाइप बहुधा माळ्यातून जातात आणि पाणी तापवण्याची टाकीही पुष्कळदा तिथेच असते. उष्णतारोधक थर छपराच्या आतल्या बाजूला नव्हे, तर माळ्याच्या जमिनीवर पसरलेला असतो, म्हणजे खालची खोली उबदार राहते आणि वरचा पाइप उघड्यावर पडल्यासारखाच राहतो. वर्षातले अकरा महिने ही रचना अगदी शहाणपणाची असते. बाराव्या महिन्यात एखादी रात्र अशी येते की, त्याच पाइपातले पाणी गोठून फुगते, पाइपाला चीर जाते आणि ऊन पडून बर्फ वितळू लागला की पाणी घरात येते. म्हणूनच इथल्या स्थानिक वाहिन्या थंडीची लाट येण्याआधी पीपल, पेट्स, पाइप्स आणि प्लँट्स ही चार नावे दिवसभर घोकत असतात. लेखकांनी यातल्या पहिल्या दोघांची थट्टा केली, चौथ्याला अंगणात चादर पांघरलेली पाहून हसले आणि तिसऱ्याचा उल्लेखच केला नाही.

तो तिसरा आमच्या डोक्यावर कोसळला, म्हणून हे पत्र. फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही एका भाड्याच्या संकुलात वरच्या मजल्यावर राहत होतो. थंडीच्या आधी कार्यालयाने सर्व बिऱ्हाडांना निरोप पाठवला होता की, रात्रभर नळ थेंब थेंब चालू ठेवावेत आणि सिंकखालची कपाटे उघडी ठेवावीत. आम्ही दोन्ही केले. १५ तारखेला मध्यरात्र उलटल्यावर वीज गेली. स्वयंपाकाची शेगडी विजेची, घर तापवणारे यंत्र विजेचे, त्यामुळे चहासुद्धा बंद झाला आणि माहेरहून आणलेल्या गोधड्यांखाली आम्ही सारे एका खोलीत गोळा झालो. मग नळाची धार आपोआपच बारीक होत गेली आणि थांबली. त्याच सुमारास शहर प्रशासनाने उलटी विनंती केली की, पाइप वाचवण्यासाठी नळ चालू ठेवू नका, कारण साऱ्या शहरातला पाण्याचा दाब घसरला आहे आणि इस्पितळांनाही पाणी पुरत नाही. पाठोपाठ पाणी उकळून पिण्याची सूचना आली. विजेच्या शेगडीवर, वीज नसताना, ते कसे उकळावे, हे अर्थातच ज्याचे त्याने ठरवायचे होते.

दाब परत आला आणि आमच्या हॉलचे छत फुगू लागले. आधी दिव्याच्या काचेच्या वाटीत पाणी साचले, मग छताचा रंग कातडीसारखा सुटला आणि अखेर भिजलेल्या उष्णतारोधक कापसाचा लगदा गालिच्यावर आदळला. संपूर्ण इमारतीचा मेन कॉक बाहेर, लोखंडी झाकणाखालच्या खड्ड्यात होता. माझ्या यजमानांनी स्क्रूड्रायव्हरने ते झाकण उचकटले, परंतु आतला कॉक फिरवायला लांब दांड्याची इंग्रजी टी आकाराची चावी लागते, ती फक्त देखभाल करणाऱ्या माणसाकडे होती आणि तो बिचारा बर्फाळ रस्त्यांमुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकून पडला होता. शेजारच्या आजोबांच्या अवजारपेटीत एक मोठा पान्हा निघाला, तोपर्यंत खालच्या बिऱ्हाडाच्या भिंतीही ओल्या झाल्या होत्या. कुठल्याही मोठ्या दुकानात सहज मिळणारी ती चावी प्रत्येक इमारतीच्या जिन्याखाली टांगून ठेवलेली असती, तर काम पाच मिनिटांचे होते.

पुढचा भाग मी अजून विसरलेले नाही. घर सोडताना आमच्या अनामत रकमेतून गालिच्याचे पैसे कापले गेले आणि कारण म्हणून लिहून आले की, भाडेकरूंनी सूचनेनुसार नळ थेंब थेंब चालू ठेवले नाहीत. शहरात पाणी नसताना नळातून थेंब कसा पडावा, असे मी लेखी विचारले. उत्तरादाखल त्यांनी तीच मूळ सूचना पुन्हा जोडून पाठवली.

आता आपल्या लेखकांच्या पवनचक्क्यांकडे वळते. टेक्सासची वीज पवनचक्क्या गोठल्यामुळे गेली, असे त्यांनी एका वाक्यात उरकले आहे. काही पवनचक्क्या गोठल्या, हे खरे आहे. पण सर्वांत मोठी तूट नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रांत पडली. विहिरींच्या तोंडाशी वायूबरोबर येणारे पाणी गोठले, केंद्रांतली उपकरणे गोठली आणि वायू पुढे ढकलणारे कितीतरी कॉम्प्रेसर अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत नोंदलेलेच नसल्यामुळे भारनियमनात त्यांचीच वीज तोडली गेली. म्हणजे वीज नाही म्हणून वायू नाही आणि वायू नाही म्हणून वीज नाही. देशाच्या पूर्व आणि पश्चिम वीजजाळ्यांपासून टेक्सासने आपले जाळे वेगळे राखलेले असल्यामुळे शेजाऱ्यांकडून फारशी वीज घेता येईना. ४५ लाखांहून अधिक घरे आणि व्यवसाय अंधारात गेले आणि सारी यंत्रणा पूर्ण कोसळण्यापासून जेमतेम साडेचार मिनिटे दूर होती. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. त्यांत थंडीने गेलेले होते, तसेच ऊब मिळावी म्हणून घरात कोळसा पेटवून किंवा बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने गेलेलेही होते. जनरेटरच्या रांगेवर विनोद करताना, जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही चालवू नये, हे एक वाक्य लिहिले असते, तर लेखाची लांबी फारशी वाढली नसती. आणि हे सारे अचानक ओढवलेले नव्हते. फेब्रुवारी २०११ मध्ये असेच भारनियमन झाले होते आणि केंद्रे थंडीसाठी सज्ज करा, असे त्याच वर्षीच्या केंद्रीय चौकशी अहवालात बजावले होते. राज्याने ते कायद्याने सक्तीचे केले २०२१ मध्ये, माणसे गेल्यानंतर.

माझे माहेर निफाड तालुक्यातले. तिथे पारा चार-पाच अंशांवर उतरू लागला की, मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात आणि वेलींना पाणी सोडतात. त्या पहाटे वर्षातून मोजक्याच असतात, तरीही काडीकचरा आणि पाण्याची सोय आधीच केलेली असते. ‘चार अंशांना घाबरणारे निफाडकर’ असा लेख आपल्या पुरवणीत आजवर तरी माझ्या वाचनात आलेला नाही.

जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाचा उल्लेखही लेखात केवळ हशा पिकवण्यासाठी आला आहे. २८ जानेवारी २०१४ रोजी तिथे दोन-अडीच इंचच बर्फ पडला, हे बरोबर आहे. परंतु दुपारी शाळा, कचेऱ्या आणि सरकारी कार्यालये जवळपास एकाच वेळी सुटली, सगळ्या गाड्या एकदम रस्त्यावर आल्या आणि मीठ टाकणारे ट्रक त्याच कोंडीत अडकले. हजारो मुलांनी ती रात्र शाळेत काढली. त्यामुळे आज अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक शहरांत आदल्या दिवशीच शाळा बंद करण्याची घोषणा होते, ती भित्रेपणाने होत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-सुना ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन, अटलांटा इथे राहतात. लेखाच्या शेवटी आपण एक छोटी चौकट दिली असती, तर अनेक आईवडिलांनी ती त्यांना आजच पाठवली असती. पाण्याचा मेन कॉक कुठे आहे आणि त्याची चावी घरात आहे का, बाहेरच्या नळांना जुने टॉवेल गुंडाळले का, पाणी जाण्याआधी बाथटब भरून ठेवला का, धूर आणि विषारी वायूची सूचना देणाऱ्या यंत्रात नवी बॅटरी घातली का, एवढेच फोनवर विचारले तरी पुरे. पाव नसला तर भाकरी होते.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या चौकटीत ‘ह्यूस्टनमध्ये पारा १३ अंशांवर’ असे ठळक छापून त्यापुढे सेल्सिअसचे चिन्ह दिले आहे. तो आकडा फॅरनहाइटमधला आहे आणि सेल्सिअसमध्ये तो उणे १०.६ होतो. १३ अंश सेल्सिअसला ह्यूस्टनकर फार तर स्वेटर घालतात. साऱ्या लेखातली थट्टा याच आकड्यावर उभी असावी, असा मला आता दाट संशय आहे. शिवाय शेजारच्या छायाचित्रात जे अजस्र बर्फ हटवणारे यंत्र दिसते, ते ह्यूस्टनच्या रस्त्यावर मी आजवर एकदाही पाहिलेले नाही, तेव्हा ते छायाचित्र कोणत्या शहराचे आहे, हेही कळले तर बरे होईल. दोन्ही दुरुस्त्या, शक्य झाल्यास, पुढच्या रविवारी त्याच पानावर आणि तितक्याच ठळक अक्षरांत छापाव्यात, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
ह्यूस्टन, टेक्सास