खोकल्यातून मोर्स

बुखारेस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तू विचारलं आहेस की रोमानियात कम्युनिस्टांनी आत टाकलेले लोक म्हणजे जमीनदार आणि फॅसिस्टच ना? तेही होते, नाही कशाला म्हणू! पण शेतकरी पक्षाचे युलिउ मानिउ, माजी पंतप्रधान, १९५३ साली ऐंशीव्या वर्षी सिगेतच्या तुरुंगात वारले. रात्री कुठे पुरलं ते आजवर सापडलेलं नाही. आणि पत्रश्कानु तर तुझ्याच गोटातला, कम्युनिस्ट पक्षाचा न्यायमंत्री. त्याला त्याच्याच पक्षाने १९५४ मध्ये गोळी घातली. त्याच खटल्यात लेना कॉन्स्तांते अडकली. ही चित्रकार, बाहुलीनाट्य करणारी. शिक्षा बारा वर्षं, त्यातली आठ एकटीने कोठडीत. कागद नाही, पेन्सिल नाही, म्हणून बाई मनातल्या मनात कविता अन् नाटकं रचून पाठ करायची.

मला मात्र रम्निकु सरातचा तुरुंग डोक्यातून जात नाही. तिथे एकेका कोठडीत एकेकटा माणूस. बोलायचं नाही. पहारेकऱ्यांच्या पायात नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जोडे, म्हणजे कधी येऊन भोकातून बघतील पत्ता लागू नये. मानिउंचे सचिव कॉर्नेलिउ कोपोसु तिथे होते. कैदी एकमेकांशी खोकून बोलायचे, तारेच्या लांब-आखूड खुणांच्या मोर्स लिपीत! थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाचा खोकला कोणता जेलर बंद करणार? नाव, बातमी, कोण आजारी आहे, सगळं खोकत खोकत पुढे जायचं. एक वाक्य सांगायला किती छाती फुटत असेल, विचार कर.

सतरा वर्षांनी, १९६४ च्या सरसकट सुटकेत कोपोसु बाहेर आले तेव्हा त्यांना धड बोलताच येईना. बायकोही तुरुंगात होती. सुटली आणि फार जगली नाही. पुढे हा वकील माणूस बांधकामावर मजुरी करत होता, मागे गुप्त पोलीस होतेच. १९८९ नंतर म्हातारपणी त्याने शेतकरी पक्ष पुन्हा उभा केला. सूड घ्या म्हणाला नाही, हे मला त्या खोकल्याइतकंच अचाट वाटतं.

आता तू इंडोनेशियात मारलेले कम्युनिस्ट काढशील. काढ, खरंच आहे ते. फक्त म्हणून कम्युनिस्टांच्या हिशेबातून हे रोमानियातले बळी वजा करू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

सिगेतच्या तुरुंगाचं आता संग्रहालय आहे, पार युक्रेनच्या सीमेवर. उन्हाळ्यात आलास तर जाऊ, वाटेत भांडायला भरपूर वेळ मिळेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद