सहा ते आठ गच्चीवर कोण? सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहरचना संस्था,
कोथरूड, पुणे ४११०३८

विषय : गच्चीवरील वेल्डिंगच्या काळातील आगपहारा आणि पहारेकरी बदलताना घ्यावयाची खबरदारी

महोदय,

अग्निशमन वाहिनीचे गंजलेले उभे पाइप बदलण्याचे काम गेल्या पंधरवड्यापासून आपल्या बी विंगमध्ये सुरू आहे. बावीस वर्षांच्या इमारतीत हे काम कधीतरी करावेच लागणार होते आणि समितीने ते पुढे न ढकलता हाती घेतले, याबद्दल आपले आभार मानतो. माझी तक्रार कामाविषयी नाही आणि ठेकेदाराच्या कारागिरीविषयीही नाही. वेल्डिंग चालू असताना आणि ते थांबल्यानंतर लक्ष ठेवायला जो माणूस उभा केला जातो, तो आपली जागा दुसऱ्याच्या स्वाधीन कशी करतो, एवढ्याच गोष्टीबद्दल हे पत्र आहे.

गेल्या गुरुवारी, दिनांक २० रोजी, संध्याकाळी सुमारे पावणेसातला मी गच्चीवर गेलो. सकाळी उन्हात टाकलेली गोधडी आणायची राहिली होती. काम चालू असेपर्यंत रहिवाशांनी गच्चीवर जाऊ नये अशी सूचना लिफ्टजवळ लावलेली आहे आणि ती मी मोडली, हे आधीच कबूल करतो. वर अंधार होता, माणूस कोणीही नव्हते आणि जळक्या रबरासारखा वास येत होता. सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपावर जे काळे फोमचे आवरण असते, त्याचा हातभर भाग आतल्या आत धुमसत होता. ज्वाळा नव्हती, फक्त कडेने लालसर रेघ पुढे सरकत होती आणि दोन फुटांवर प्लास्टरवाल्यांची रिकामी पोती पडलेली होती. टाकीजवळच्या नळाखालची बादली मी त्यावर ओतली, आवरण ओढून काढले आणि पुन्हा एक बादली ओतली. नुकसान म्हणाल तर सोलरच्या पाइपाचे आवरण, एवढेच.

खाली येऊन मी चौकशी केली. वेल्डरने पावणेसहाला यंत्र बंद केले होते. लक्ष ठेवायला नेमलेल्या ठेकेदाराच्या हेल्परला ‘काम संपेपर्यंत थांब’ असे सांगितलेले होते, त्यामुळे यंत्र बंद झाल्यावर तो सामान आवरून सहाला निघून गेला. त्याने गच्चीची किल्ली केबिनमध्ये दिली. दिवसपाळीच्या वॉचमनने ती खिळ्याला अडकवली, कारण त्याला किल्लीखेरीज दुसरे काही सांगितलेलेच नव्हते. रात्रपाळीचा वॉचमन आठ वाजता आला. म्हणजे सहा ते आठ या दोन तासांत गच्चीवर आपणा सर्वांच्या वतीने कोणालाच ठेवलेले नव्हते, आणि तरीही तिघांपैकी प्रत्येकाने आपापले काम सांगितल्याप्रमाणेच केले होते.

याहून जास्त धसका मला सव्वाआठला बसला. रात्रपाळीच्या वॉचमनला मी सहज विचारले, की आता एखाद्या मजल्यावर आग दिसली तर काय कराल? तो न अडखळता म्हणाला, ‘होज रील खेचणार, साहेब.’ होज रील म्हणजे आग विझवायला मजल्यावर गुंडाळून ठेवलेली पाण्याची नळी. त्याला शिकवले होते तेच त्याने सांगितले. पण पाइप कापण्यासाठी बी विंगची वाहिनी सोमवारपासून रिकामी केलेली आहे, गच्चीच्या टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद आहे आणि पंपाचे पॅनेल ऑटोवरून मॅन्युअलवर आणलेले आहे, म्हणजे पंप आपोआप सुरू होणार नाही. चार रात्री हा माणूस अशा इमारतीची राखण करत होता, जिच्या होज रीलमधून थेंबही आला नसता, आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

वेल्डिंगच्या ठिणगीचा खरा धोका ती उडते तेव्हा नसतो, कारण तेव्हा चार माणसे भोवती असतात. तापलेला कण फोममध्ये, पोत्यात, भुशात किंवा डक्टमध्ये साठवलेल्या रद्दीत जाऊन बसतो आणि तासन्‌तास धुमसत राहू शकतो. म्हणूनच काम थांबल्यानंतरचा पहारा हा कामाचाच भाग मानतात. अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ५१बी या मानकात हा काळ पूर्वी किमान अर्धा तास होता, तो २०१९ च्या आवृत्तीत एक तास करण्यात आला. त्याच मानकात वेल्डिंगच्या जागेपासून सुमारे ११ मीटरपर्यंत पेट घेणारी वस्तू नसावी किंवा ती झाकलेली असावी, असेही सांगितले आहे. आपल्या गच्चीवर ११ मीटरच्या आत सोलरचे पाइप, प्लास्टिकच्या टाक्या, केबलवाल्यांची भेंडोळी आणि कोणाचा तरी जुना सोफा आहे. (सोफ्याच्या मालकाने तो या पत्रानंतर तरी हलवावा.)

मी एकतीस वर्षे भोसरीच्या एका कारखान्यात देखभाल विभागात पाळीने काम केले. तिथे एक नियम कोणी भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत असत : बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. घड्याळ काय म्हणते ते पाहायचे नाही. आणि चार्ज द्यायचा तो गेटवर किंवा चहाच्या टपरीवर नव्हे, कामाच्या जागी उभे राहून द्यायचा.

बदलीचा माणूस न आल्यास काय होते, याचे एक उदाहरण आपल्या सर्वांना ऐकून माहीत आहे, फक्त त्याची ही बाजू फारशी बोलली जात नाही. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या छताला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, तेव्हा तिथे दुरुस्तीचे काम चालू होते. आग कशाने लागली हे तपासातही ठामपणे सांगता आलेले नाही. पण न्यूयॉर्क टाइम्सच्या शोधवृत्तानुसार, धोक्याची सूचना दाखवणाऱ्या पॅनेलसमोर बसलेला कर्मचारी त्या कामावर जेमतेम तीन दिवसांचा होता आणि बदलीचा माणूस न आल्यामुळे सलग दुसरी पाळी करत होता. सूचना वेळेवर मिळाली होती. तरी पाहायला गेलेला रखवालदार मुख्य इमारतीच्या माळ्यावर न जाता शेजारच्या छोट्या इमारतीच्या माळ्यावर गेला, आणि चूक लक्षात येईपर्यंत सुमारे अर्धा तास गेला होता. आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनने या महिन्यात दोनदा डबल ड्यूटी केली आहे, हे मी केबिनच्या रजिस्टरवरून सांगतो.

ए विंगचे काम सोमवार, १ डिसेंबरपासून सुरू व्हायचे आहे. त्यापूर्वी समितीने पुढील व्यवस्था ठेकेदार आणि सुरक्षा एजन्सी या दोघांनाही लेखी कळवावी, अशी माझी विनंती आहे.

यंत्र बंद झाल्यानंतर किमान एक तास, आणि माझ्या मते आपल्या गच्चीची अवस्था पाहता आठ वाजेपर्यंत, नेमलेला माणूस गच्चीवरच असावा. त्याला त्या वेळात दुसरे कोणतेही काम देऊ नये, म्हणजे गेट, पार्किंग, कुरिअर, कोणाचा सिलिंडर वर नेणे, काहीही नाही. वेल्डिंग थांबवायला सांगण्याचा अधिकार त्याला असावा आणि तो असल्याचे वेल्डरला आपल्या तोंडून कळावे, नाहीतर अठरा-एकोणीस वर्षांच्या हेल्परचे कोण ऐकणार? ज्या मजल्यावर स्लॅबच्या भोकातून पाइप खाली जातो, तिथे डक्टचा दरवाजा उघडा ठेवून दुसरा माणूस उभा असावा, कारण ठिणग्या वरच्या माणसाला दिसत नाहीत अशाच जागी पडतात.

पहारा बदलायचा असेल तेव्हा वेल्डिंग आधी थांबवावे. येणाऱ्याने पंधरा मिनिटे लवकर यावे आणि दोघांनी मिळून फेरी मारावी. आज शेवटचा जोड कुठे मारला, यंत्र किती वाजता बंद झाले, कोणता व्हॉल्व्ह बंद आहे, पंप ऑटोवर आहे की मॅन्युअलवर, कोणते एक्स्टिंग्विशर वापरले गेले आणि उरलेल्यांचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे जाणाऱ्याने बोट दाखवून सांगावे. डक्टचे पत्रे आणि पाइपालगतची भिंत हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहावी, कारण ऊब डोळ्यांना दिसत नाही. मग येणाऱ्याने ऐकलेले सगळे स्वतःच्या शब्दांत परत सांगावे. ही पायरी गंमत वाटते, पण ‘कळलं’ म्हणणे आणि कळणे यांतले अंतर तिथेच उघडे पडते. त्यानंतर दोघांनी वेळ घालून सही करावी आणि गच्चीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी, खिळ्याला अडकवू नये.

बदलीचा माणूस आला नाही तर जाणाऱ्याने सुपरवायझरला फोन करून थांबावे आणि अर्ध्या तासात सुपरवायझर किंवा समितीपैकी एकाने स्वतः वर जाऊन त्याला मोकळे करावे. ज्याने आदले बारा तास काम केले आहे, त्याच्यावर हा पहारा टाकू नये. वाहिनी रिकामी आहे तोवर गच्चीवर पाण्याने भरलेला एक ड्रम, बादल्या आणि किमान दोन एक्स्टिंग्विशर हाताशी हवेत. केबिनमध्ये अग्निशमन दलाचा १०१ हा क्रमांक, इमारतीचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण मोठ्या अक्षरांत लावलेली हवी.

सहीच्या वहीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. केबिनमधल्या सध्याच्या रजिस्टरचे रकाने इंग्रजीत आहेत, प्रत्येक ओळीत ‘ऑल ओके’ असे लिहिलेले आहे, आणि शुक्रवारी मी ते पाहिले तेव्हा रविवारपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. वॉचमनला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला वही भरायला सांगितले होते आणि त्याने ती भरली. नवे पान मराठीत आणि हिंदीत असावे, त्यात ‘ठीक आहे’ लिहिण्याची सोयच नसावी, तर व्हॉल्व्ह उघडा की बंद, यंत्र बंद झाल्याची वेळ किती, असे नेमके प्रश्न असावेत. अशा पानाचा एक नमुना मी तयार करून सोबत जोडला आहे.

यातले बरेचसे ठेकेदाराने करायचे आहे, असे काही सभासद म्हणतील. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपली आहे, आणि ही व्यवस्था सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र आपणच दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करत असतो. जानेवारी फार लांब नाही. खर्च म्हणाल तर रोज दोन तासांची एका माणसाची जादा मजुरी एवढाच तो आहे, आणि तो देखभाल निधीतून करण्यास बी विंगमधील ज्या सभासदांशी मी बोललो त्यांची हरकत नाही.

येत्या रविवारच्या समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा. गरज वाटल्यास मी दहा मिनिटे येऊन नमुना पान समजावून सांगेन. नवी व्यवस्था लागू होईपर्यंत बी विंगचे उरलेले काम चालेल त्या प्रत्येक दिवशी सहा ते आठ या वेळेत मी स्वतः गच्चीवर थांबायला तयार आहे. त्यासाठी गच्चीची किल्ली मला सहीनिशी मिळावी आणि आठ वाजता ती माझ्याकडून घ्यायला रात्रपाळीच्या वॉचमनला वर पाठवावे.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ सभासद, बी विंग

सोबत : पहारा बदलाच्या नोंदीचे नमुना पान
प्रत माहितीसाठी : मा. सचिव, मा. खजिनदार