तडा गेलेली बरणी आणि व्हिएन्नाचे प्रोफेसर

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

एका सरकारी मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवून मी निवृत्त झालो. शेवटच्या वर्षांतल्या एका परीक्षेत स्पॉटर म्हणून, म्हणजे नुसतं बघून ओळखायला, ठेवलेलं लिव्हर एका मुलीनं लांबूनच ओळखलं. मी खूश. कसं ओळखलंस, असं विचारलं तर म्हणाली, "सर, तडा गेलेली बरणी ना, ती सिरॉसिसची." सीनियर्सनी सांगून ठेवलं होतं. त्या बरणीवरचं लेबल माझ्या शिक्षकांच्या अक्षरातलं आहे. तिच्या जागी ठेवायला पुढे दुसरं लिव्हर आलंच नाही, कारण क्लिनिकल ऑटोप्सी जवळजवळ बंदच पडल्या होत्या. पोलीस केसचं पोस्टमार्टेम होतं, पण तो फॉरेन्सिकचा प्रांत. वॉर्डात आजारानं दगावलेल्या पेशंटचं शवविच्छेदन पॅथॉलॉजीनं करायचं, तेही नातेवाइकांच्या संमतीनं. ती संमती मागायलाच कुणी जात नाही. मग सर्टिफिकेटवर 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून मोकळं व्हायचं. हृदय आणि श्वास बंद पडल्याशिवाय कोण मरतं, साहेब?

हे लिहिताना सारखे व्हिएन्नाचे प्रोफेसर कार्ल फॉन रोकिटान्स्की आठवतात. जन्म १८०४, बोहेमियातला. तेव्हा तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. १८२८ साली व्हिएन्नात डॉक्टर झाले, १८४४ साली पॅथॉलॉजिकल ॲनॅटॉमीचे, म्हणजे आजारानं अवयवांत काय बदल होतात त्या शास्त्राचे, पूर्ण प्राध्यापक. आपलं ग्रँट मेडिकल कॉलेज त्याच्या पुढच्याच वर्षीचं. स्वतःच्या हातानं त्यांनी तीसेक हजार शवविच्छेदनं केली, असं सांगतात. एकही सुट्टी न घेता रोज दोन केली तरी चाळीसहून जास्त वर्षं लागतील. आणि हे सगळं बरीच वर्षं हॉस्पिटलच्या आवारातल्या एका जुनाट शेडमध्ये. धड इमारत मिळाली १८६२ साली. (सरकारी बांधकाम तिथेही आपल्याच वेगानं चालायचं म्हणायचं.)

त्यांचे सहकारी योसेफ श्कोडा वॉर्डात छातीवर बोटं वाजवून, स्टेथोस्कोप लावून निदान सांगायचे. पेशंट गेला की ते खरं होतं की खोटं, हे रोकिटान्स्कींच्या टेबलावर कळायचं. निदान चुकलं तर ते झाकायला जागाच नव्हती. व्हिएन्नाला जगभरातून विद्यार्थी यायचे ते यासाठी.

त्या शवागाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथून डॉक्टर आणि विद्यार्थी तसेच प्रसूतीच्या वॉर्डात जायचे आणि बाळंतिणी तापानं मरायच्या. एप्रिल १८४७ मध्ये प्रसूतीच्या पहिल्या क्लिनिकमधल्या, म्हणजे हे विद्यार्थी जिथे जायचे तिथल्या, शंभरातल्या अठरा गेल्या. त्याआधी महिनाभर कोलेचका नावाच्या प्राध्यापकांना विच्छेदन करताना बोटाला सुरी लागली आणि ते गेले. त्यांच्या शवविच्छेदनाच्या रिपोर्टात होतं ते हुबेहूब बाळंतिणींच्या शरीरात सापडायचं तसंच. हे वाचून त्या क्लिनिकमधल्या सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि जूनमध्ये मृत्यूंचं प्रमाण दोन टक्क्यांवर आलं. बड्या मंडळींनी त्याला उडवून लावलं. रोकिटान्स्की आणि श्कोडा मात्र त्याच्या बाजूनं उभे राहिले.

रोकिटान्स्की स्वतःही चुकले होते. सगळे आजार रक्तातल्या बिघाडातून होतात, असा एक सिद्धांत त्यांनी पुस्तकात मांडला. १८४६ साली बर्लिनच्या फिर्को नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरनं त्याच्या चिंधड्या उडवल्या. प्रोफेसरसाहेबांनी पुढच्या आवृत्तीतून तो काढून टाकला. आमच्या डिपार्टमेंटमध्ये असा हेड मी तरी पाहिला नाही. मीही तसा नव्हतो.

पुढे १८६३ पासून ते मंत्रालयात वैद्यकीय शिक्षणाचे सल्लागार होते. म्हणजे साहेब, ते तुमच्याच खात्याचे.

जन्मतः गर्भाशय नसण्याच्या विकाराला आजही त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्याचं वर्णन त्यांनी १८३८ साली केलं. मे २०१७ मध्ये पुण्यात देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं, तेही अशाच जन्मतः गर्भाशय नसलेल्या मुलीवर.

व्हिएन्नाचा कित्ता जसाच्या तसा गिरवा, असं मी म्हणत नाही. तिथे टेबलावर यायची ती गरिबांची प्रेतं, आणि त्यांना विचारायची पद्धत नव्हती. आपल्याला विचारूनच करावं लागेल, आणि तेच बरोबर आहे. म्हणून माझी मागणी छोटी आहे. अवयवदानासाठी जसा कोऑर्डिनेटर असतो, तसा नातेवाइकांशी बसून शांतपणे बोलणारा एक माणूस प्रत्येक सरकारी कॉलेजात नेमा. मृतदेह किती वाजता मिळेल ते लेखी द्या आणि ती वेळ पाळा. गावी न्यायला गाडी द्या. आणि महिन्याभरात रिपोर्ट त्यांच्या हातात, मराठीत. ज्यांना चिरफाड नको असेल त्यांच्यासाठी सुईनं नमुने घेण्याची पद्धत आहे. तिचं प्रशिक्षण सुरू करा.

कॉलेजच्या भेटीला याल तेव्हा नव्या ऑडिटोरियमआधी पॅथॉलॉजीचं म्युझियम बघा. किल्ली शिपायाकडे असते, तो दोनला जेवून येतो. डावीकडून तिसरं कपाट.

आपला,
पॅथॉलॉजीचा एक निवृत्त शिक्षक