बर्नी सँडर्स मेयर होते तेव्हाचं पण कधीतरी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेच्या राजकारणावर काहीही छापून आलं की बर्नी सँडर्स म्हणजे २०१६ आणि २०२० ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीत मागे पडलेले डावे नेते, एवढ्यावर विषय संपतो. पण हा माणूस १९८१ ते १९८९ अशी आठ वर्षं व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनचा मेयर होता आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात भरीव काम तिथलंच आहे, त्यावर मराठीत कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र.

बर्लिंग्टन तेव्हा जेमतेम ३८ हजार वस्तीचं. सँडर्स मूळचे ब्रुकलिनचे. सत्तरच्या दशकात सिनेट आणि गव्हर्नरपदासाठी मिळून चार वेळा उभे राहिले आणि चारही वेळा सपाटून पडले, मग काही वर्षं शाळांसाठी फिल्मस्ट्रिप बनवून विकत होते. १९८१ ला अपक्ष म्हणून मेयरला उभे राहिले. समोर गॉर्डन पकेट, पाच वेळा निवडून आलेले डेमोक्रॅट. फेरमोजणीनंतर सँडर्स जिंकले ते फक्त १० मतांनी, आणि शहरातल्या पोलिसांच्या युनियनने या समाजवादी माणसाला पाठिंबा दिलेला होता!

निवडून आले तरी १३ नगरसेवकांत यांच्या बाजूचे दोनच. बाकीच्यांनी त्यांच्या सेक्रेटरीला काढून टाकलं, त्यांनी सुचवलेल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका नामंजूर केल्या, म्हणजे पहिलं वर्षभर आधीच्याच मेयरच्या माणसांकडून कामं करून घ्यायची वेळ. पण ते रडत बसले नाहीत, पुढच्या वर्षी नगरसेवकांच्या इलेक्शनमध्ये आपली माणसं निवडून आणली आणि मग कुठे गाडी रुळावर आली. नंतर ८३, ८५, ८७ असे आणखी तीनदा निवडून आले.

आता मला जे मुद्दाम सांगायचंय ते लँड ट्रस्टचं. १९८४ मध्ये शहराने २ लाख डॉलर देऊन बर्लिंग्टन कम्युनिटी लँड ट्रस्ट सुरू करून दिला. यात जमीन ट्रस्टच्या मालकीची राहते, घर तेवढं कुटुंबाच्या मालकीचं, त्यामुळे घर स्वस्तात मिळतं. पुढे विकायचं झालं तर वाढलेल्या किमतीतला २५ टक्के वाटा कुटुंबाला, म्हणजे समजा किंमत ४० हजार डॉलरने वाढली तर त्यातले १० हजार तुमचे, बाकीची वाढ घरातच राहते आणि पुढच्या साध्या पगारदार माणसालाही ते परवडतं. एकदा दिलेलं सरकारी अनुदान दर विक्रीला कुणाच्या तरी खिशात जाऊन संपत नाही, ही मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. हाच ट्रस्ट २००६ मध्ये दुसऱ्या एका संस्थेत मिळून चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट झाला आणि २००८ चा वर्ल्ड हॅबिटॅट पुरस्कार त्याला मिळाला.

सगळंच त्यांचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. चॅम्प्लेन सरोवराच्या काठावर श्रीमंतांच्या इमारती नकोत, 'बर्लिंग्टन विकायला काढलेलं नाही' असा प्रचार करून निवडून आलेल्या या माणसाने १९८५ मध्ये त्याच काठावर फ्लॅट, हॉटेल असलेल्या एका प्लॅनला पाठिंबा दिला. त्यासाठी शहराने कर्जरोखे काढायला, म्हणजे कर्ज उभारायला, मतदारांची दोन तृतीयांश मतं लागत होती, मिळाली निम्म्याहून थोडी जास्त, लोकांनी प्लॅन पाडला. मग शहराने सरोवरात भराव टाकून तयार झालेली काठावरची ही जागा जनतेचीच आहे हा मुद्दा धरला, १९८९ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला आणि आज तिथे बाग आणि सायकलचा रस्ता आहे. इथे श्रेय मी आधी बर्लिंग्टनच्या मतदारांना देईन, पण हरल्यावर हट्ट न करता दुसरी वाट धरली हे सँडर्सचंही आहेच.

तसंच १९८३ ला जनरल इलेक्ट्रिकच्या बंदुका बनवणाऱ्या कारखान्यासमोर शांततावाद्यांनी रस्ता अडवला तेव्हा त्यांना अटक झाली, सँडर्स कामगारांच्या नोकऱ्यांच्या बाजूने राहिले. आपलेच समर्थक नाराज होणार हे माहीत असूनही. मला हे पटतं, न पटणारेही असतील.

तेव्हा विनंती एवढीच, रविवारच्या पुरवणीत या लँड ट्रस्टवर एक सविस्तर लेख द्या, घराचे हप्ते नेमके किती बसतात, ट्रस्टचा कारभार कोण बघतं, भाडेकरूंना त्यात जागा कशी आहे हे सगळं नीट मांडून. घर घ्यायची स्वप्नं बघणारी पोरं तुमचा पेपर वाचतात, त्यांच्या उपयोगाचं आहे.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक